हाताला दोष सगळ्यात शेवटी

इरा आणि नील,

तुम्हाला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. म्हणून हे तुमच्या बाबांनी तुम्हाला वाचून दाखवावं. आईला वाचायला सांगू नका. का ते पुढे कळेल. हे मी पत्र म्हणून पाठवू शकले असते. पण जे सांगायचं आहे ते आपल्या पुण्याच्या आणि नाशिकच्या सगळ्या नातेवाइकांपर्यंतही जायला हवं, आणि एकेकाला फोन करून सांगायचं बळ आता माझ्यात नाही. ते सगळे ही पुरवणी वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून इथे.

आत्ताच का, तेही सांगते. मागच्या आठवड्यात आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, तेव्हा नील शाळेचा डबा भरत होता आणि त्याचं झाकण लागत नव्हतं. इरा, तू त्याला म्हणालीस, "डोन्ट डू अ मम्मा, मॅगझीन नीट बसव." तुम्ही दोघं हसलात. हे वाक्य तुमचं नाही, आजोबांचं आहे. त्यांनी ते तुम्हाला गेल्या खेपेला तुम्ही दोह्याला आलात तेव्हा गाडीचा पट्टा लावताना शिकवलं. मी हसले नाही, ते तुमच्या लक्षात आलं. "आजी, आर यू सॅड बिकॉज ऑफ आजोबा?" असं नीलने विचारलं. मी हो म्हटलं. ते खरंच होतं... फक्त तुम्हाला वाटलं त्या अर्थाने नव्हतं.

आजोबा गेले तेव्हा उन्हाळा होता. विश्वचषकाच्या तयारीने इथले निम्मे रस्ते बंद होते आणि उरलेले रोज नव्या दिशेने वळवलेले असत. उंच इमारतींवर फुटबॉलपटूंची चित्रं चढत होती. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यानेही दुकानाबाहेर झेंड्यांची माळ लावली होती. आजोबा नेहमीसारखे नाश्ता करून क्लबला गेले. जाताना म्हणाले, आज मेट्रोजवळचा रस्ता खुला असेल तर दुपारी लवकर येईन. दुपारी फोन आला तो क्लबमधून. कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेले होते. हॉस्पिटलमध्ये नेलं ते केवळ न्यायचं म्हणून.

आपल्या लोकांचे अंत्यसंस्कार इथे होत नाहीत, म्हणून त्यांना पुण्याला नेलं. तुमची आई कॅनडाहून थेट तिथे आली. एकुलती एक मुलगी, सगळं तिनेच केलं, शांतपणे केलं. तेराव्याला पाहुणे निघाले तेव्हा एक पुतण्या मोठ्या गाडीचं सरकतं दार लावत होता. ते पूर्ण लागेना. तो डोळे पुसत मोठ्याने म्हणाला, "अरे, मॅगझीन नीट बसवा रे, काका बघतायत!" अंगणातले सगळे रडता रडता हसले. किती दिवसांनी सगळ्यांना हसायला मिळालं होतं. तुमच्या आईने हातातली ताटली ओट्यावर ठेवली आणि ती आत निघून गेली. मला वाटलं, वडिलांच्या आठवणीने भरून आलं असेल. नणंदबाई म्हणाल्याही, "जाऊ दे तिला, रडू दे जरा." मी गेल्यावर पाहिलं तर ती रडत नव्हती. कपड्यांच्या घड्या घालत होती.

तुम्ही आजोबांना 'गन डॉक्टर' म्हणता. ते नाव त्यांना फार आवडायचं. ते पुण्याजवळच्या एका शस्त्रांच्या कारखान्यात टूल रूममध्ये तयार झाले, आणि तिथून नेमबाजीच्या एका क्लबने त्यांना दोह्याला बोलावलं. क्लबची पिस्तुलं सांभाळायची, दुरुस्त करायची, आणि नेमबाजांची स्वतःची पिस्तुलं त्यांच्या हाताप्रमाणे बदलून द्यायची. या माणसाला तिथे आर्मरर म्हणतात. मी इथल्या एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवायचे. पिस्तूल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चोर-पोलीस यायचे. त्यांनी मला पहिल्यांदा क्लब दाखवला तेव्हा मी चकित झाले. वातानुकूलित लांबलचक दालन, कागदाची लक्ष्यं, आणि कानांवर गोल झाकणं लावून उभी असलेली शांत माणसं. परीक्षेच्या हॉलसारखं वाटलं मला ते.

त्यांचं काम मला जेवढं समजलं तेवढं सांगते. या पिस्तुलांत एका वेळी पाच काडतुसं भरतात, ती ज्या डबीत असतात ती मॅगझीन. ती मुठीतून खालून आत सरकवायची, आणि तिथला एक खटका तिला धरून ठेवतो. चाप ओढला की गोळी सुटते, आणि त्याच झटक्यात पिस्तूल रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस आपण होऊन आत ओढतं. नेमबाजाने फक्त नेम धरायचा आणि चाप ओढायचा. बाकीचं पिस्तुलाने करायचं, आणि दगा द्यायचाच तर ते तिथेच देतं. पुंगळी अर्धवट अडकते, काडतूस वाकडं चढतं, किंवा काहीच चढत नाही आणि मोकळा टक् असा आवाज होतो. तुमचे आजोबा म्हणत, सुंदर पिस्तूल बनवणारे पुष्कळ आहेत, भरवशाचं पिस्तूल कोणतं हे सांगणारे थोडे.

ते सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. नवी मूठ बसवली, स्प्रिंग बदलली, काहीही केलं की ते पिस्तूल ते सलग चालवून पाहत. महागडी काडतुसं, स्वस्त काडतुसं, तेल दिलेलं असताना, मुद्दाम मळकं ठेवून. मधे एकदाही अडकलं नाही तर पास. एकदा जरी अडकलं तर आधीचं सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नेमबाज वैतागत. एक लेबनीज गृहस्थ तर "खलास, मला द्या ते पिस्तूल, मी असंच वापरतो" म्हणून भांडायला उठले होते. हे शांतपणे म्हणाले, "घेऊन जा. पण माझ्या हाताखालून गेलं असं सांगू नका." गृहस्थ बसले.

आणि पिस्तूल अडकलं की संशय कोणावर घ्यायचा याचाही क्रम होता. आधी मॅगझीन तपासायची. मग काडतूस. मग स्प्रिंग, मग आतले बाकीचे भाग. सगळ्यात शेवटी नेमबाजाचा हात. इतर आर्मरर उलटं करतात, असं ते सांगत. नेमबाज तक्रार घेऊन आला की आधी त्यालाच म्हणतात, तुम्ही मनगट सैल सोडलं, तुम्ही नीट भरलं नाही. कारण हाताला दोष दिला की काम संपतं, टेबलावर काही करावं लागत नाही. "हाताला दोष सगळ्यात शेवटी," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की वर्गात एखाद्या मुलाचा निबंध बिघडला तर मीही आधी माझा प्रश्न तपासू लागले. इतका माझा त्या वाक्यावर विश्वास होता.

तुमची आई शाळेत असतानाच त्यांच्या मागे लागून नेमबाजी शिकली. तिचा हात लहान. बाजारातल्या कुठल्याच मुठीत तो बसेना. मग त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची मूठ तिच्यासाठी कोरायला घेतली. पिस्तूल क्लबच्या बाहेर न्यायला बंदी, लाकूड न्यायला नव्हती. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी आमच्या बाल्कनीत दोघं बसलेले असत. ती मूठ हातात धरायची, "करंगळीला टोचतंय" म्हणायची. हे कानस चालवायचे. "आता?" "आता अंगठ्याखाली पोकळ वाटतंय." "अगं, लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही. आधी नीट सांग." मी आतून चहा घेऊन जायचे आणि दोघांपैकी कोणाचंच माझ्याकडे लक्ष नसायचं. मला त्याचं वाईट वाटत नसे. बापलेकीचं असं जमलेलं बघायला कोणत्या आईला नको वाटेल?

मूठ झाली, पण अंगठा छोटा असल्यामुळे मॅगझीन सोडवायचा खटका तिला दाबता येईना. त्यासाठी दुसरा हात लावावा लागायचा, आणि त्यात धरलेली पकड मोडायची. म्हणून त्यांनी खटक्याची मूळ स्प्रिंग काढून ठेवली आणि हलकी बसवून दिली. तेव्हा दोह्यात दुसऱ्याच एका मोठ्या क्रीडामेळ्याची तयारी चालली होती. परदेशी संघ सरावाला येत होते, त्यांची पिस्तुलं क्लबमध्ये यांच्या टेबलावर रांगेने येऊन पडत होती, आणि हे घरी फक्त झोपायला येत. तुमच्या आईचं बारावीचं वर्ष होतं, शिकवणीमुळे तिला क्लबला जाता येईना. हलका केलेला खटका यांनी स्वतः तपासला. पिस्तूल सलग चाललं. पास.

मग क्लबची खुली स्पर्धा झाली. भारतातून एक प्रशिक्षक आले होते, नव्या मुलींना सराव शिबिरासाठी निवडायला. तुमच्या आईला त्या शिबिराखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. इंजिनीअरिंगचं नंतर बघू, एक वर्ष मला द्या, असं ती आम्हाला म्हणाली होती, आणि हे म्हणाले होते, निवड झाली तर दिलं. मी काचेमागे बसले होते. आधीचे टप्पे तिने छान मारले. शेवटच्या टप्प्यात लक्ष्य क्षणभर समोर येतं आणि वळतं, तेवढ्यात गोळी सोडायची असते. तिसऱ्या वेळी लक्ष्य वळलं आणि तिच्या पिस्तुलातून काहीच आवाज आला नाही. तिने नियमाप्रमाणे पिस्तूल तसंच धरून दुसरा हात वर केला.

जोसेफ नावाचे केरळचे गृहस्थ तेव्हा तिथे रेंज ऑफिसर होते, म्हणजे नेमबाजांवर देखरेख करणारे. त्यांनी पाहिलं तर मॅगझीन किंचित खाली सरकलेली. नियम असा की बिघाड पिस्तुलाचा असेल तर तो फेरा पुन्हा मिळतो. नेमबाजाने मॅगझीनच नीट बसवली नसेल तर उरलेल्या गोळ्या शून्य. परीक्षकांनी क्लबच्या आर्मररला बोलावलं. म्हणजे तुमच्या आजोबांना. आपल्याच मुलीचं पिस्तूल म्हणून ते बाजूला होऊ शकले असते, पण दुसरा जाणकार तिथे कोणी नव्हता आणि त्यांच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नव्हती. त्यांनी मॅगझीन काढली, बसवली, ओढून पाहिली. खटक्यावर अंगठा ठेवला. मला काचेमागून सगळं दिसत होतं. मग ते परीक्षकांना इंग्रजीत म्हणाले, "पिस्तूल इज गुड. मॅगझीन वॉज नॉट सीटेड."

तुमची आई म्हणाली, "बाबा, मी बसवली होती. मी टकटक करून पाहिली होती."

ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "होतं असं, घाईत."

शिबिर गेलं. परतताना गाडीत ती मागे बसली. मला यांचा अभिमान वाटला होता, तेही सांगून टाकते. पोटच्या मुलीसाठीसुद्धा या माणसाने खोटं सांगितलं नाही, असं मी कितीतरी जणांना सांगितलं. ती रुसली आहे, दोन दिवसांत हसेल, असं वाटलं. ती महिनाभर क्लबला गेली, मग परीक्षेचं कारण सांगून बंद केलं, आणि पुण्याला इंजिनीअरिंगला गेली ती पिस्तुलाचं नाव काढेनाशी झाली.

पण घरातून ते पिस्तूल गेलं नाही. फ्रिजचं दार उघडं राहिलं की हे तुमच्या आईचं नाव घेऊन म्हणायचे, "मुग्धाने मॅगझीन लावलेली दिसते." प्रेशर कुकरचं झाकण, सुटकेसचं कुलूप, बाटलीचं बूच. आधी ते हळू आवाजात, तिला खुलवायला म्हणत आहेत असं वाटे. मग सवय झाली. सुट्टीत पुण्याला गेलो की दिरांकडे, बहिणींकडे त्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली. नियमाने चालणारा बाप आणि घाईखोर मुलगी. तुमच्या आईच्या लग्नात मांडवात कोणीतरी बॅग बंद करताना ते म्हणालं आणि वऱ्हाडी मंडळींनाही गोष्ट सांगावी लागली. तुमच्या बाबांच्या घरीही मग ते पोचलं. तुमच्यापर्यंत आलं ते असं.

आता दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. विश्वचषकाच्या सुरक्षेच्या कामासाठी एका ठेकेदाराने जोसेफना पुन्हा दोह्याला बोलावलं आहे. ते एशियन टाउनच्या बाजूला राहतात. 'सर' गेल्याचं त्यांना इथे आल्यावर कळलं आणि ते मला भेटायला आले. केस पांढरे झालेत, बाकी तसेच. सामान बांधलेल्या खोक्यांमधे खुर्ची सरकवून त्यांना बसवलं. तुम्हाला माहीतच आहे, माझं इथलं राहणं आजोबांच्या नोकरीवर होतं. ते गेले तसं माझंही कागदोपत्री इथलं संपलं. सगळं जग इथे यायला निघालं आहे आणि मी खोक्यांवर नावं लिहिते आहे.

जोसेफ तुमच्या आजोबांबद्दल भरभरून बोलले. सरांनी काय शिकवलं, सर कसे कोणाचं ऐकायचे नाहीत. मीही त्या लेबनीज गृहस्थांची आठवण काढली, दोघं हसलो. मग ते म्हणाले, "मॅडम, सर कितने बड़े आदमी थे, मैं बताता हूँ. आपकी बेटी के मॅच के बाद, उसी शाम को, सर ने खटके का पुराना स्प्रिंग वापस डाला. मेरे सामने."

मी विचारलं, कुठला खटका?

त्यांना वाटलं मला माहीत असूनही मी विसरले. त्यांनी समजावून सांगितलं. स्प्रिंग जास्त हलकी झाली होती. यांनी तपासलं तेव्हा पिस्तूल यांच्या हातात होतं. मोठा हात, अंगठा खटक्यापासून दूर. पण मूठ कोरलेली होती तुमच्या आईच्या हातासाठी. तिच्या हातात गोळीच्या धक्क्याने अंगठ्याचा मांसल भाग दर वेळी खटक्याला घासत होता, आणि हलका खटका थोडा थोडा सुटत मॅगझीन खाली येत होती. एका हातासाठी बनवलेलं पिस्तूल त्याच हातात तपासायचं, ही तर त्यांच्या कामातली पहिली गोष्ट. गर्दीत ती राहिली. यांनी परीक्षकांसमोर खटक्यावर अंगठा ठेवला तेव्हाच यांना ते कळलं होतं, असं यांनीच त्या संध्याकाळी जोसेफना सांगितलं होतं.

"सर बोले," जोसेफ म्हणाले, "जोसेफ, किसी के लिए भी खटका हल्का मत करना. ये मेरी गलती है. और मॅडम, मैंने आज तक नहीं किया." त्यांचे डोळे भरून आले होते. "घर पे तो आप लोगों को उन्होंने बताया ही होगा."

मी म्हटलं, "चहा गार होतोय, घ्या." दुसरं काय म्हणणार होते? एवढ्या लांब येऊन एक भला माणूस माझ्या नवऱ्याची थोरवी सांगत होता.

जोसेफ गेल्यावर मी कॅनडात पहाट व्हायची वाट पाहिली आणि तुमच्या आईला फोन केला. जसंच्या तसं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"मॅचनंतर मी पुन्हा रेंजवर गेले ना, तेव्हा. मॅगझीन काढायला मला परत दोन्ही हात लागले. खटका पहिल्यासारखा घट्ट झाला होता. स्प्रिंग काय आपोआप बरी होते?"

मी विचारलं, तू त्यांना कधी विचारलं नाहीस? ती म्हणाली, एकदा विचारलं. पुण्याला निघाली तेव्हा एअरपोर्टवर. 'बाबा, माझ्या पिस्तुलाची स्प्रिंग बदललीत का?' ते म्हणाले, 'कुठली स्प्रिंग?' आणि वाकून तिच्या सुटकेसचं कुलूप ओढून पाहत म्हणाले, 'मॅगझीन नीट बसली आहे ना?'

मी तिथेच होते. ट्रॉली धरून उभी होते. मी ते ऐकलं होतं, प्रश्न नाही, नंतरचं वाक्य. मला वाटलं बापाला मुलगी जाताना गहिवरून आलंय आणि ते चेष्टेत लपवतायत...

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू त्यांना विचारलं असतंस. त्यांनी तुलाही 'कुठली स्प्रिंग' म्हटलं असतं. मग तुला आमच्या दोघांत एकाचं खरं मानावं लागलं असतं, आणि मी इथून निघून जाणार होते. तुला त्यांच्याबरोबर राहायचं होतं." मग ती म्हणाली, "मी वाट बघत होते आई. ते सांगतील म्हणून. मुलांच्या तोंडून ते ऐकलं त्या दिवशी सोडून दिलं."

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"काही नको. फक्त ते बोलणं बंद होऊ दे."

म्हणून हे लिहिते आहे. नातेवाइकांनो, ते वाक्य आता बंद करा. मुग्धाने मॅगझीन नीट बसवली होती. तिच्या हाताचा दोष नव्हता, आणि ज्यांनी तो दिला त्यांना तो देतानाच हे ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मी या रिकाम्या होत चाललेल्या घरात फिरते आहे आणि मनात त्यांच्याशी भांडते आहे. त्यांनी त्या क्षणी तसं का म्हटलं ते मला समजू शकतं. परदेशी संघांची पिस्तुलं त्यांच्या टेबलावर होती. यांनी हलका केलेला खटका भर स्पर्धेत सुटला असं म्हटलं असतं तर बाकीच्या पिस्तुलांबद्दल प्रश्न आले असते. नोकरी गेली असती तर राहायचा परवाना गेला असता, तुमच्या आईची शाळा बारावीच्या ऐन वर्षात गेली असती. इथे नोकरीबरोबर सगळंच जातं, आता मला जावं लागतंय तसं. माणूस घाबरतो. त्या संध्याकाळी घरी येऊन ते मला म्हणाले असते की मी घाबरलो, तर मी त्यांच्यासाठी दाराला कडी लावून बसले असते, कोणाला कळू दिलं नसतं. मुलीला जवळ घेऊन सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तीही गप्प राहिली असती, ती गप्प राहिलीच. भीतीचं मी समजू शकते. चेष्टेचं मला समजत नाही. खोटं एकदा बोलून भागलं असतं. ते घरभर, नात्याभर वाटलं कशाला? एका मुलीच्या हाताची बदनामी इतकी गोड करून ठेवली की ती तिच्याच मुलांच्या डब्यापर्यंत पोचली. प्रत्येक वेळी ते म्हणताना त्यांना आतून काय वाटत असेल? काही वाटत नसेल, असं म्हणायला मन धजत नाही. वाटत असूनही ते म्हणत असतील, हे त्याहून कठीण आहे.

आणि माझं? माझ्या घरातल्या दोघांना ठाऊक असलेली गोष्ट मला पाहुण्याकडून कळली. एकाने स्वतःला वाचवायला लपवली, दुसरीने मला वाचवायला. दोघांनी मिळून मला बाहेर ठेवलं. तुमच्या आईवर मी रागावू शकत नाही, आणि ज्यांच्यावर रागवायचं ते उत्तर द्यायला नाहीत. त्यांच्याच नियमाने मोजायचं तर एकदा अडकलं की मागचं सगळं पुसायचं. तेही करून पाहिलं. पुसलं जात नाही. ऐन उन्हाळ्यात शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभे राहणारे तेच, माझ्या आईच्या आजारपणात तिची सेवा करणारे तेच. ते सगळं खरंच होतं. म्हणून तर फसवल्यासारखं वाटतं. खोट्या माणसाने फसवलं तर माणूस सावरतो.

काल तुमच्याशी बोलताना मी थोडक्यात सांगायचा प्रयत्न केला. इरा, तू म्हणालीस, "बट आजी, ही वॉज नाइस टू अस." बरोबर आहे तुझं. ते तुमच्याशी चांगलेच वागले, आणि ते तुम्ही विसरावं असं मला वाटत नाही. फक्त तुमच्या आईकडे एकदा नीट बघा. कुठलाही डबा, कुठलंही दार ती बंद करते तेव्हा मागून दोनदा टकटक करून पाहते. व्हिडिओ कॉलवर मी आत्ता आत्ता ते पाहायला लागले. तिला त्याबद्दल काही विचारू नका.

कानशी आणि बाकीची हत्यारं मी जोसेफना दिली. कपडे इथल्याच एका माणसाला दिले, तो पंढरपूरकडचा ड्रायव्हर आहे, त्याला बसले. चष्मा तुमच्या आईने मागितला, का ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात घराच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. साफसफाई करणारी माणसं येऊन गेली, खोकी सोडली तर घर आता अगदी रिकामं आहे. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खाचेत मात्र लाकडाचा बारीक भुसा राहिला आहे. दार उघडलं की तो अजून करकरतो.